खरेदीप्रमुखांचं वाचनयंत्र

नाही, नाही, तू बस, यानिना — तू कशाला उठतेस, मी करतो ना सुरू. खोक्यातून काढलं, वायर लावली, दिवा लागला — हिरवा आहे, म्हणजे हिरवाच असणार — आता फक्त ते बोललं पाहिजे. बोलत नाहीये म्हणतेस? ते मलाही ऐकू येतंय, पोरी. म्हणजे येत नाहीये. पेपर जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच, लक्षात आहे माझ्या. त्यासाठीच तर मागवलं. प्रश्नपत्रिका खाली ठेवायची, हे वाचून दाखवणार, मध्ये कुणी माणूस नको. मागच्या वेळी त्या वाचणाऱ्या बाईंनी प्रश्नातलं अख्खं कलम गाळलं ना तुझं? ‘फार लांबलचक होतं हो,’ म्हणाल्या — आणि नापास तू. यंदा पुन्हा तसं झालं तर शिष्यवृत्ती जाणार, कायद्याचं शिक्षण सोडून गावी परत, तेही मला ठाऊक आहे. म्हणून सांगतो, बस. येर्बाचा कढत चहा घे तोवर, ओढायची नळी तुझ्याकडंच केलीय. सांडलं का? माझ्याच हातावर सांडलं, तुझ्या नाही ना? मग ठीक. माझ्या हाताला सवय आहे.

काचेवर काय लिहिलंय? लिहिलंय ना, पुष्कळ लिहिलंय. बटण नाही गं कुठं, चाचपून बघ — बघितलंस? साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. आपल्यासारख्यांसाठीचं यंत्र — तुमच्यासारख्यांसाठीचं म्हणतोय मी — आणि पहिल्यांदा सुरू करायला डोळस माणूस लागतो! आधी काचेवरचं वाचायचं, बोट लावायचं, मग ते तोंड उघडणार. कुठल्या शहाण्यानं पसंत केलं? अगं, शहाणा तुझ्यासमोर बसलाय. वॉशिंग्टन ओलिव्हेरा, विद्यापीठाचा खरेदीप्रमुख. सही माझी. सही फार देखणी आहे, सगळे म्हणतात. मघाशी कंपनीतल्या माणसाला फोन लावला, तर तो म्हणतो, ‘साहेब, माहितीपत्रकाच्या मागं छापलंय, आपण वाचलंच असेल.’ वाचलंय की, म्हटलं, न वाचायला काय झालं! मग म्हणाला, ‘डाव्या कोपऱ्यात झेंडे दिसतील, आपला झेंडा दाबा.’ दाबला. कुठला तरी दाबला. आता ते बहुधा जपानीत गप्प बसलंय.

तुझा तो वस्तू ओळखून सांगणारा फोन धरून बघतेस वरून? बघ. काय म्हणाला? ‘टेबलावर चौकोनी वस्तू.’ वा, शाबास! एवढं मलाही दिसतं. एवढंच दिसतं — काय? नाही, काही नाही बोललो... बरं, बोललो. तुझ्यापुढं काय नाटक करायचं, तू मघापासून ओळखूनच बसली असशील. थर्मास ठेवण्याआधी मी टेबल चाचपतो, ते दुसऱ्या कुणाला दिसत नसलं तरी तुला ऐकू जात असणार. नजरेतलं मधलं गेलंय, यानिना. कडेचं आहे थोडं. माणसाच्या कानाकडं पाहिलं की त्याचा चेहरा लागतो, तोही ढगासारखा. लोकांना वाटतं, ओलिव्हेरांना गर्व आहे, नजर देत नाहीत. वाटू दे. गर्विष्ठ माणसाला नोकरीवरून काढत नाहीत. डोळे गेलेल्या खरेदीप्रमुखाला मात्र फुलांचा गुच्छ देतात, भाषण करतात आणि दुसऱ्या दिवशी घरी बसवतात.

इतकी वर्षं निभावलं कसं? अगदी सोपं. कुणी कागद आणला की म्हणायचं — ठेवा, उद्या बघतो. खरेदी खात्यात ‘उद्या’ म्हणणाऱ्या माणसाच्या डोळ्यांबद्दल कुणाला शंका येत नाही. संध्याकाळी गठ्ठा बगलेत मारून घरी, आणि ग्रासिएला — माझी बायको — वाचायची. भाजी ढवळता ढवळता वाचायची. निविदेतल्या अटी अशा वाचायची की खरेदीच नको वाटावी. पुढची बाजू, मागची बाजू, तळाची बारीक अक्षरं, सगळं. आणि मध्येच म्हणायची, ‘वॉशी, हा चोर आहे हं.’ तो चोरच निघायचा. विद्यापीठात माझी हुशारी म्हणून जिचं कौतुक झालं ना, ती स्वयंपाकघरात उभी असायची.

गेल्या हिवाळ्यात गेली ती.

तेव्हापासून सही देखणी तेवढी राहिली. गठ्ठा घरी नेतो अजून. टेबलावर ठेवतो. सकाळी उचलून परत आणतो. या यंत्राचा कागद तसाच गेला आणि तसाच आला. म्हणजे बघ, वाचता येत नाही अशांसाठी यंत्र घेतलं ते वाचता येत नाही अशा माणसानं — अख्ख्या पायसांडू शहरात हे सुचायला माझंच डोकं लागतं.

आणखी येर्बा? ‘आभारी आहे’ म्हणालीस — म्हणजे पुरे. बरोबर, उशीर होतोय तुला.

बाहेर कुणी आहे का? आमच्या खात्यातली मिर्ता आहे. बाकीचे जेवायला गेले. मिर्ता चांगली आहे, पण तिला सांगितलेलं नदीपलीकडच्या अर्जेंटिनात आधी पोचतं. तिला हाक मारली की ती विचारणार, ‘अहो, एवढी मुठीएवढी अक्षरं समोर आहेत, तुम्हीच दाबा की!’ मग काय सांगू? चष्मा विसरलो? चष्मा नाकावर आहे. हात भरलेत? — थांब, कुठं निघालीस? त्याच वाचणाऱ्या बाईंना बोलवते म्हणतेस? ‘तुम्ही नका त्रास करून घेऊ’ — त्रास! माझी खुर्ची राहावी म्हणून तू पुन्हा कलमं गाळलेला पेपर ऐकणार होय गं? बस खाली. बस म्हणतो ना.

मिर्ता! मिर्ता, आत ये. दार राहू दे उघडं. हे बघ, या काचेवर काय लिहिलंय ते वाच आणि आपली भाषा लाव. ...हो, माझ्यासमोरच आहे. मुठीएवढी असतील, मला दिसत नाहीत. चष्म्यानंही नाही. बऱ्याच वर्षांपासून. आधी ते सुरू कर, मग काय विचारायचं ते विचार.

...बोललं! ऐकलंस, यानिना? आवाज जरा नाकातला आहे, पण कलमं गाळणार नाही. उचल, वायर गुंडाळ, पळ. माझं काय ते मी बघतो — जा म्हटलं ना, पेपर सुरू होईल!

गेली? गेली.

मिर्ता, आहेस ना इथंच? हसतेस की रडतेस? तोंडानं सांग, बाई. मला नुसतं बघून कळत नाही.