पोतारायची राहिलेली भिंत

मुलचेऱ्याच्या बसस्टँडवर धनराजचं तोंड रस्त्याकडे होतं, कान मात्र शेजारच्या मायलेकींकडे. लेक गुजरातला नोकरीवर परत निघालेली, माय तिला गाडीत बसवून द्यायला आलेली.

“तिथी तू करते तरी काय वं?”

“सूर्यासारखी आग पेटवाचं यंत्र आहे, माय. त्याच्या भिंतीले आतून लिथियम धातूचा लेप देतेत. आगीतले आयन, म्हणजे बारीक कण, येऊन आदळतेत न् लेप झिजते. किती झिजला, ते मी मोजते.”

“मंग?”

“मंग नवा लेप.”

“आपल्या पोतारण्यावानी.”

“तसंच. पण दिवाळी झाली, तरी पडवीची भिंत तू काऊन नाई पोतारली?”

“बाकीच्या पोतारल्या ना.”

“तेच तर! तेवढीच काऊन सोडली?”

“जाईपर्यंत तुझा बाप रोज तिथीच टेकून बसे. त्याच्या पाठीनं खड्डा पडला आहे. माती लावली का बुजते तो.”

धनराजची गाडी लागली. तो उठला नाही.

“किती झिजली असंल वं, माय?”

“मी नाई मोजत. सांजच्याले त्या खड्ड्यात पाठ टेकून पाहते.”

“मंग?”

“मले मोठा होते तो.”