सहा नंबरच्या टाकीत तीन बादल्या

मी, मत्स्यपालन केंद्रावरची दाणेवाली (तिथे सगळे मला मावशीच म्हणतात), वय ५४, काम टाक्यांतल्या माशांना खाद्य घालणे, राहणार केंद्रामागच्या कामगारांच्या खोल्यांतली शेवटची खोली, आज पोलीस चौकीत समक्ष हजर राहून सांगते की,

मी एकोणीस वर्षे हाताने खाद्य घातले. एक मूठ टाकायची, मासे वर येईनासे झाले की थांबायचे. उरलेले खाद्य तळाशी कुजते आणि पाण्यातली हवा संपते. म्हणून या कामात हात आखडताच बरा. दोन महिन्यांपूर्वी खाद्य टाकणारे यंत्र आले आणि ते चालवणारा यंत्रवाला आला. तेव्हापासून मी टाक्यांवर नुसती नजर ठेवते.

माझे यजमान आजारी आहेत. त्यांना गिळता येत नाही, नाकातल्या नळीने पातळ अन्न द्यावे लागते. काल सकाळी ते म्हणाले, "अगं, एक घास दे ना तोंडात." डॉक्टरांची सक्त मनाई आहे. मी म्हणाले, "हट्ट करू नका." त्यांनी तोंड उघडेच ठेवले. मी नळीतून मापाने अन्न सोडले आणि कामावर गेले.

आठ वाजता यंत्राने सहा नंबरच्या टाकीत ठरलेले खाद्य टाकले. ते मी स्वतः पाहिले. माझी सावली पडताच मासे वर आले. मी एक बादली घातली, मग दुसरी. यंत्रवाला ओरडला, "मावशी, पोट फुटेल त्यांचं!" मी म्हणाले, "तू तुझं यंत्र बघ."

दुपारी मासे पुन्हा वर येऊन तोंडे उघडू लागले. भुकेचे तोंड वेगळे आणि हवेसाठीचे वेगळे, हे मला कळते. हवेचा पंप वाढवायला हवा होता. मी तिसरी बादली घातली. कोणीतरी तोंड उघडतेय आणि मला देता येतेय, एवढेच बरे वाटत होते. चार वाजेपर्यंत टाकीतले सगळे मासे मरून उलटे तरंगत होते.

यंत्रवाल्याचे आदल्या दिवशी मालकांशी भांडण झाले होते, म्हणून त्यानेच मासे मारले अशी तक्रार त्यांनी दिली. तो कालपासून इथे बसून आहे. त्याने मला पाहिले होते, तरी माझे नाव घेतले नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी नको. त्याला घरी जाऊ द्या. माझे काम जाईल, कामाबरोबर खोली जाईल, आणि यजमानांची खाट त्याच खोलीत आहे. हे माहीत असून सांगते.

जबाब मला वाचून दाखवला. हवालदारांनी दया येऊन तिसऱ्या बादलीपुढे 'चुकून' असे लिहिले होते. तो शब्द मी खोडायला लावला. आता सगळे माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.