लाल पाटी

हेझेल : चहा राहू दे, बाई. आधी ही पाटी बघा. ओळखता ना?

मिस हेब्रन : थांब, चष्मा लावू दे. आणि अगं, पाय पुसून तरी आत यायचंस! पन्नाशी उलटली तुझी, तरी चिखल घेऊनच—

हेझेल : बाई, पाटी.

मिस हेब्रन : लाल. म्हणजे क्रियापदाची. निळी कर्त्याची, पिवळी कर्माची. मी स्वतः रंगवल्या होत्या. पोरांनी गळ्यात अडकवायच्या आणि वाक्यासारखं रांगेत उभं राहायचं. अख्ख्या स्कारविक गावाला इंग्रजी व्याकरण मी असं उभं करून शिकवलं. कुठे मिळाली तुला?

हेझेल : आईच्या कपाटात. ती जाऊन महिना झाला, म्हटलं आता आवरायला हवं. आल्विनच्या जर्सीत गुंडाळलेली होती. त्याला समुद्रातून काढला तेव्हा अंगात होती ना, त्याच जर्सीत.

(बाई चष्मा काढून पुसतात.)

मिस हेब्रन : तुझ्या भावाने कधीतरी घरी नेली असेल. पोरं काय, काहीही उचलतात.

हेझेल : मला सांगता? दोन वर्षं तुमच्या वर्गात काढलीत मी. पाट्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली तुमच्या गळ्यात. तास संपला की मोजून परत! एकदा एक पिवळी सापडेना, तर साडेचारपर्यंत सगळ्यांना बसवून ठेवलं होतंत. आईला हे कुठून माहीत असणार? तिला वाटलं, पोराचं खेळणं. पण मला माहीत आहे. आणि आल्विन त्या दिवशी शाळेत आलाच नव्हता, असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत.

मिस हेब्रन : हजेरी नऊला होते. नऊला तो नव्हता. मी खोटं लिहिलेलं नाही.

हेझेल : आणि नऊच्या आधी?

मिस हेब्रन : तू बस ना जरा.

हेझेल : मी उभीच बरी. तिकडे बाबांनी अंथरूण धरलंय. डॉक्टर म्हणतात, आठवडा, फार तर दोन. शेचाळीस वर्षं त्या माणसाने एकच धरून ठेवलंय, ‘मी माझ्या पोराला हाकलला.’ त्याच्या हातून बोटीवरचा सुरा हरवला म्हणून आदल्या संध्याकाळी मुस्कटात दिली, ‘मला तोंड दाखवू नकोस’ म्हणाले, आणि पहाटे बोट घेऊन गेले. परत आले तर लोक धक्क्याखालून पोराला वर काढत होते. आज सकाळी सूप भरवताना माझा हात धरून विचारलं, ‘हेझेल, तो माझ्यावर रुसूनच गेला ना गं?’ मी काय सांगू त्यांना? तुम्हीच सांगा, बाई.

मिस हेब्रन : मी बोलावलं होतं त्याला. आठ वाजता. एकट्याला.

हेझेल : कशाला?

मिस हेब्रन : रांगेत चुकायचा म्हणून. क्रियापद मधोमध, कर्त्याला लागून. कितीदा सांगितलं! पण हा आपला शेवटी जाऊन उभा, खिडकीशी. पोरं फिदीफिदी हसायची, आणि मला वाटायचं, मलाच हसताहेत. चोवीस वर्षांची होते गं मी. त्या सकाळी दोन खुर्च्या मांडल्या, एक कर्ता, एक कर्म. मध्ये त्याची जागा. म्हटलं, राहा उभा. तर परत खिडकीशी! मी दंडाला धरून त्याला पडवीत काढला. म्हटलं, आपली जागा कळेल तेव्हाच आत ये. आणि कडी लावली.

हेझेल : सातपासून वारा सुटला होता त्या दिवशी.

मिस हेब्रन : माहीत आहे.

हेझेल : नऊ वर्षांचं लेकरू, बाई!

मिस हेब्रन : नऊला घंटा द्यायला दार उघडलं, तर पडवी रिकामी. वाटलं, घरी पळाला. दुपारी कळलं, धक्क्यावरून लाटेने नेला. पाटीबद्दल कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. भित्री होते. पुढे उशीर झाला, आणि दर वर्षी जास्तच होत गेला.

हेझेल : आणि आईच्या हातचा आल्याचा केक दर नाताळला खाल्लात!

मिस हेब्रन : खाल्ला. दर वर्षी खाल्ला. हेझेल, पडवीचं दार पाहिलंस ना येताना? सताड उघडं. शाळा विकायला निघाली तेव्हा मी घेतली ती या पडवीसाठी. तेव्हापासून ते दार लावलेलं नाही. लोक म्हणतात, म्हातारीला थंडी वाजत नाही. सकाळी आठ वाजले की तिथे बूट घासल्याचा आवाज येतो. ओले बूट, दगडावर. ‘आत ये रे’ म्हणते मी. येत नाही. मीच सांगून ठेवलंय ना, जागा कळेपर्यंत येऊ नकोस म्हणून.

हेझेल : अहो, नका ना असं बोलू. काटा आला अंगावर.

मिस हेब्रन : घाबरायचं काय त्यात? आल्विनच आहे.

हेझेल : तो खिडकीशी का जायचा? विचारलंत कधी?

मिस हेब्रन : त्याच सकाळी. म्हणाला, ‘इथून बाबांची बोट दिसते, बाई. ते आले की पळत जाऊन सॉरी म्हणायचंय.’

हेझेल : अरे देवा.

मिस हेब्रन : मला वाटलं, सबब सांगतोय.

हेझेल : रुसला नव्हता तो! वाट बघत होता, बाई, त्यांचीच वाट बघत होता! आणि हे एवढं वाक्य शेचाळीस वर्षं तुमच्याकडे पडून? तो माणूस रोज मरत होता तिकडे!

मिस हेब्रन : बोल. अजून बोल, मी ऐकते.

हेझेल : बोलायला मला पुढे पुष्कळ वेळ आहे. बाबांना नाही. कोट घाला.

मिस हेब्रन : मला पाहून ते काय म्हणतील?

हेझेल : म्हणतील ते म्हणतील. तुम्ही त्या सकाळचं सगळं सांगायचं. कडीसुद्धा.

मिस हेब्रन : कडीसुद्धा. पाटी दे इकडे, मी नेते.

हेझेल : घ्या. आणि सांभाळून, उतार निसरडा झालाय. हे पडवीचं दार असंच ठेवू?

मिस हेब्रन : नको. लाव आज.

हेझेल : लावलं. अहो, माझा हात धरा ना! इतक्या लांबून काय चालताय?

मिस हेब्रन : असू दे. तू तिकडून चाल, मी इकडून चालते. मध्ये त्याची जागा आहे.