उचललेला फोन

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय दाजी खवणेकर, व्यासपीठावरच्या सरपंच सुशीलाताई, आपला टेलिफोन बूथ बंद करून उद्या कुडाळला लेकीकडे राहायला निघालेले सत्कारमूर्ती गुरुदासभाऊ कुबल, आणि मासळीबाजार लवकर आटपून आलेल्या माझ्या बायांनो, बंधूंनो,

मी किशोरी तांडेल. पापलेटाचा भाव सांगताना माझा आवाज कधी कापत नाही, आज कापतोय.

भाऊंच्या बूथवर एक कागद डकवलेला असे. कुठल्या देशात मोबाइलला काय दर, ते त्यावर. आमचे मिस्टर मस्कतला होते तेव्हा पैसे फक्त लावणाऱ्याला पडत, त्यांना उचलायला फुकट. मग ते जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर कामाला सिंगापूरला गेले. भाऊंनी कागदावर बोट ठेवलं, "गो किशोरी, थंय उचलणाऱ्याकय पैसे पडतत. दोनय बाजूंनी खर्च." तेव्हा आमचं ठरलं. दर गुरुवारी दुपारी मी रिंग द्यायची, त्यांनी कापायची. कापली म्हणजे माणूस खुशाल. हसताय काय? तुमच्यातल्या कितीजणींनी हेच केलंय!

दोन हजार पाचच्या श्रावणात एका गुरुवारी रिंग गेली आणि त्यांनी फोन उचलला. हा माणूस फोन उचलतोय म्हणजे काय झालं असेल? पलीकडून आवाज आला, "किशोरी, बोट कलंडली आसा. मदतीची लाँच येता म्हणतत. तू नुसती बोलत रव."

काय बोलणार? आमच्या लेकीचा, अक्षदाचा दात पडला, पडवी गळते, बांगडा मिळत नाही. समोर मीटरचे लाल आकडे पळत होते. भाऊंनी खांद्यावरचा पंचा काढून मीटरवर टाकला. अकरा मिनिटांनी लाइन तुटली. संध्याकाळी सहापर्यंत मी त्याच स्टुलावर बसून होते आणि भाऊंनी एकाही गिऱ्हाइकाला फोनला हात लावू दिला नाही. सहाला घंटी वाजली. मिस्टर जिवंत होते. भाऊ, याचे आभार कुठल्या शब्दांत मानू?

आता दर उतरले, घरोघरी मोबाइल आले. तरी तो वाजला की मी हातातली मासळी टाकून धावते. मिस्टर मागच्या रांगेत बसलेत. पुढच्या महिन्यात परत बोटीवर निघायचं म्हणतात. "फोन स्वस्त झालो, रोज बोलूया." अहो, दर उतरले म्हणून तिथला दर्या उथळ झाला का? घरात मी तीनदा सांगायला आले, तीनदा नुसता चहा ठेवून आत गेले. उद्यापासून भाऊही इथे नसतील, मग मी कुणाच्या आधाराने सांगू? म्हणून चारचौघांत सांगते. माका भय वाटता. तुमी जाव नकात.

एकाला निरोप द्यायला उभी राहिले आणि दुसऱ्याला अडवून बसले, एवढी चूक पोटात घाला. अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, सर्वांची आभारी आहे.