मालक बदलला तर

…अहो नाही मॅडम, साखर किती विचारलं म्हणजे आग्रह नाही, साहेब येईपर्यंत तुमची सरबराई करायची हे माझं कामच आज — साहेब म्हणजे माझे भाऊजी, ताईचे यजमान. येतीलच. फोनवर आहेत. काचेपलीकडे हातवारे करतायत ना, तेच. मला बजावलंय, पाहुण्यांशी हवापाण्याच्या गप्पा मार, धंद्याचं अवाक्षर काढू नकोस. तर — हवा काय म्हणतेय तुमच्याकडे?

बरं. ती डबीतली चिप बघितलीत? तांदळाच्या दाण्याएवढी! श्रवणयंत्रात बसते, गोंगाटातून माणसाचा आवाज तेवढा निवडून काढते. पहिली ताईच्या सासूबाईंच्या कानात बसवली, तर म्हातारी माझ्याकडे बघून म्हणते, अगंबाई, हा इतकं बडबडतो होय! हसा, हसा. आता ही आवाज निवडायची युक्ती कुणाची? आमची? छे हो! भाऊजींच्या जुन्या मित्राच्या कंपनीची. त्यांनी आम्हाला वापरायचा परवाना दिलाय — आम्हालाच द्यायचा असं काही नाही, पण दुसऱ्या कुणी मागितलाच नाही. आम्ही भोवतीची चिप आखतो, बनवून घेतो, विकतो. कसब आमचंही आहेच, नाही असं नाही — पण सगळा जीव त्या युक्तीत. बाकीचं तुमचे इंजिनियर सहज — जाऊ दे.

आणि करार तरी कसला! लोक परवाना घेताना सवलती मागतात, भाऊजींनी स्वतःहून अट घालून घेतली — कंपनीचा मालक बदलला तर परवाना रद्द! मित्र म्हणाला, अरे, स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतोस? भाऊजी म्हणाले, उद्या कुणी मोठी कंपनी आम्हाला गिळायला आली, तर तिच्या घशात काटा अडकला पाहिजे. काय डोकं! दोघं-तिघं आलेही — अट वाचली आणि चहा तसाच टाकून गेले. आम्ही काय हसलो तेव्हा!

तेव्हा विकायचं होतं कुणाला? पण मध्यंतरी भाऊजींच्या छातीत कळ आली, आणि तेव्हापासून दुपारी जरा त्यांचा डोळा लागला की ताई नाकाशी हात धरून बघते — श्वास चालू आहे ना. मला बघवत नाही हो ते. ती म्हणते, कंपनी देऊन टाका कुणालाही, मला माणूस हवाय. म्हणून तर कंपनी विकत घ्यायला तुम्हाला बोलावलं — म्हणून तर आत फोनवर मित्राची मनधरणी चाललीय, बाबा रे, तेवढी अट काढ —

अरेच्चा. हे बोललो मी? नाही नाही, लपवायचं नव्हतं, भाऊजी करार दाखवणारच होते, फक्त आधी अट काढायची आणि मग… उठलात का? फोन करायचाय? करा की, इथूनच करा, मी होतो बाजूला. कुणाला म्हणालात? भाऊजींच्या मित्राला? त्यांना कशाला — परवाना थेट त्यांच्याकडूनच घेणार? मग आमचं — मग आम्हाला कोण घेणार?

जरा थांबा, मॅडम. ते बघा, भाऊजी नुसतेच 'हॅलो, हॅलो' करतायत. पलीकडून मित्रानं त्यांना थांबवून ठेवलेलं दिसतंय… लागला का तुमचा फोन?