ताब्यातलं भिंग

—नको गं, ओढू नकोस, कडी हातात येईल, आणि कडीसुद्धा माझ्याच ताब्यात आहे. अडकतं ते दार. कालव्याची दमट हवा, लाकूड फुगतं. उम्म सय्यद येईल झाडायला, बाहेरून एक लाथ घालेल, उघडेल. तोवर बस. रदवा ना नाव तुझं? बस, रदवा. चहा दिला असता, पण शेगडी कपाटात आहे, आणि कपाटातली वस्तू कपाटाबाहेर काढायची नाही — नव्या राखणदाराने हा पहिला धडा घ्यायचा. तर कुठे होतो आपण? चंचुपात्रं चोवीस, मोजलीस. सांगाडा एक, डावा पंजा नाही — तो माझ्या आधीपासूनच नाही, तसं लिहिलेलं आहे. सूक्ष्मदर्शक एक. हा बघ, माझ्या बायकोच्या चादरीत गुंडाळलेला. एकतीस वर्षं झाली, ओरखडा नाही. इथे सही कर. उद्यापासून ही प्रयोगशाळा तुझी, आणि शेहाताकाका आपल्या गच्चीवर कबुतरांना दाणे टाकायला मोकळा.

डोळा लावून बघणार? कशाला? वस्तू आहे, जागेवर आहे, संपलं! अगं, या शाळेतल्या एकाही पोरीने कधी बघितलं नाही यातून, आणि विज्ञानात पैकीच्या पैकी मार्क घेऊन गेल्या सगळ्या. फळ्यावर चित्र असतं ना — नळी, आरसा, मोठं चाक, बारकं चाक — झोपेतून उठवून विचार, धडाधडा म्हणून दाखवतील. साहेब तपासणीला आले की काचेआडून दाखवायचा. साहेब म्हणतात, वा, अगदी नवा कोरा! मग नवा कोरा राहणारच की.

हसू नकोस. माझ्या आधी फहमीसाहेब होते. निवृत्तीच्या दिवशी एक तापमापक फुटलेला निघाला — एक! ताबा सुटला नाही, पेन्शनचे कागद पुढे सरकेनात. तीन वर्षं हेलपाटे घातले बिचाऱ्याने, आणि चौथ्या वर्षी त्याला आपण खांद्यावरून नेलं. जाण्याआधी मला म्हणाला, शेहाता, ज्याला हात लागत नाही ते फुटत नाही. मी दुधाने पोळलेल्याचा चेला, ताकसुद्धा फुंकून प्यायलो. पोरी विचारायच्या, काका, दाखवा ना. मी म्हणायचो, बिघडलाय. एवढा एकच शब्द, एकतीस वर्षं पुरला.

आणि खरं सांगू का, काय मोठं असतं त्यात? कालव्याच्या पाण्यात तो केसाळ प्राणी गरागरा फिरत असतो, चप्पल हरवलेल्या म्हाताऱ्यासारखा, आणि मध्येच थांबतो, जसं काही आठवलं —

काय? पुस्तकात. पुस्तकात वाचलं असेल कुठेतरी.

बघू नकोस गं अशी. बरं. बरं बाई, बघितलं. आता दार तर बंद आहे, कोणाला सांगायला जाणारेस? दर गुरुवारी, पोरी घरी गेल्या की. पहिल्यांदा नुसता पुसायला काढला होता, आईची शपथ. आरशाला ऊन लागलं, खाली माझ्या बोटाची धूळ होती, आणि मी डोळा लावला. बस. मग काय, जे दिसेल ते खाली घालायचो — कबुतराचं पीस, माशीचा पंख, बायकोच्या मुलुखियाच्या भाजीचं पान. मुरवलेलं चीज घातलं आणि महिनाभर चीज खाल्लं नाही. मग खाल्लं. माणूस सवयीचा गुलाम, करणार काय!

आणि एक दिवस कांदा — लाल कांद्याचा पापुद्रा. ओळीने विटा रचल्यासारख्या पेशी, प्रत्येकीत जांभळा रंग काठोकाठ. मला काय सुचलं कोण जाणे, डब्यात बायकोने लोणचं दिलं होतं, त्यातलं खारं पाणी एक थेंब टाकलं. आणि रदवा, तो जांभळा रंग भिंती सोडून आत सरकायला लागला! आक्रसत, आक्रसत, मधोमध गोळा होऊन बसला. मी खुर्चीवरून उठलो. म्हटलं, अरे, म्हणून बरणीतली काकडी सुरकुतते! मीठ पाणी ओढून घेतं! चाळीस वर्षं लोणचं खातोय आणि आज कळलं. कोणी शिकवलं नव्हतं, माझं मला कळलं. मी नाचलो गं. या दोन टेबलांच्या मधे. आणि मग थांबलो. सांगणार कोणाला? सांगितलं तर वस्तूला हात लावल्याचं कबूल करावं लागणार. सांगताही येईना, राहवेना. वीस वर्षं ते लोणच्याचं पाणी माझ्या छातीत आहे.

उम्म सय्यद? येईल, येईल. घाई काय आहे.

तीन वर्षांपूर्वी एक आली, रावया. गाढवगाडीवर भाजी विकणाऱ्याची पोर. पहिल्याच आठवड्यात विचारते, काका, पुस्तक लिहिणाऱ्याने कांद्याच्या पेशी स्वतः बघितल्या होत्या, की त्यानेही आमच्यासारखं दुसऱ्याचं बघून चित्र काढलं? मी म्हटलं, बिघडलाय. पुढच्या रविवारी, आठवड्याची शाळा उघडताच, पुन्हा हजर, हातात कांदा. "दुरुस्त झाला का, काका?" नाही झाला. त्याच्या पुढच्या रविवारी — कांदा. तीन वर्षं, रदवा! बापाच्या गाडीवरचा एक कांदा, दर रविवारी. मी ते घरी नेऊन खाल्ले. माझ्या घशाखाली उतरले कसे?

आज सकाळी तिचा शेवटचा पेपर होता. संपल्यावर आली, कांदा घेऊन. या शाळेतला तिचा शेवटचा दिवस, माझाही शेवटचा. म्हटलं, शेहाता, आता नाही तर कधी? चादर सोडली. तिने डोळा लावला. मग हळूच म्हणते, "काका, यावर मीठ टाकलं तर काय होईल?"

मी काही सांगितलं नव्हतं तिला. एक अक्षर नाही.

मला रडू आलं, बघ. म्हटलं, थांब, घरून लोणच्याची बरणी आणतो. तिच्याने कुठला धीर धरवतोय! म्हणाली, तोवर मोठ्या भिंगाने बघते. आणि चाक फिरवलं. मोठं चाक. खाली. कट्.

पैकीच्या पैकी मार्क तिला! मोठं चाक, बारकं चाक, दोन्ही तोंडपाठ. पण कुठलं कधी फिरवायचं, हे त्या हाताला कोणी शिकवलंच नव्हतं. मी शिकवलं नव्हतं. भिंगाला आडवी चीर गेली. पोर पांढरीफटक पडली, म्हणे बाबांना सांगू नका. मी म्हटलं, वेडे, ती चीर जुनीच आहे.

कळलं ना आता, मी बघू का देत नव्हतो. तू सही केली असतीस तर चीर तुझी झाली असती. मग तूही चादर बांधली असतीस. आणि पोरींना सांगितलं असतंस — काय सांगितलं असतंस? हो. तोच शब्द. तरी मी तुला कोंडून बसलोय, इतका वेळ, म्हातारा माणूस, लाज नाही.

ही घे. दाराची किल्ली. दार काही फुगलेलं नाही, मीच लावलंय. उम्म सय्यद आज सुट्टीवर आहे.

ती वही इकडे दे. लिहितो — मोठं भिंग फुटलं, शेहाताच्या हातून. मग कर सही. माझ्या कागदांचं काय व्हायचं ते होवो, फहमीसाहेबांचा हेलपाट्याचा रस्ता मला पाठ आहे. लहान भिंग चांगलं आहे, त्यातून सगळं दिसतं.

नाही, मी नाही येत बाहेर. मला बसू दे थोडं. रावया पायरीवर बसली असेल, मीच थांबवलंय, घरून आमची बरणी आणून तिच्या मांडीवर ठेवलीय. झाकण घट्ट बसलंय तिचं, पोरीला उघडायचं नाही. तू उघडून दे. जा. जा म्हणतो ना!