किचनच्या दारातली रेषा

अगं, इथे दुबईत जुमेरा लेक टॉवर्सला मी ज्या इंग्रज साहेबांकडे स्वयंपाक करते ना, ते आधी फुटबॉल खेळायचे, मग आयर्लंडमध्ये एका टीमचे मॅनेजर, म्हणजे कोचच, झाले. आता रिटायर, म्हणून दिवसभर माझ्या डोक्यावर उभे. "कांदा बारीक! गॅस कमी! यल्ला, चल लवकर!"

परवा माझं टाळकंच फिरलं. विचारलं, "साहेब, मॅच चालू असताना तुम्ही मैदानात शिरायचात?"

"छे! रेषेबाहेरूनच ओरडायचो."

"मग ही किचनच्या दाराची पट्टी तुमची रेषा. व्हा बाहेर!"

मनात म्हटलं, खलास, नोकरी गेली, व्हिसाही गेला. तर साहेब मुकाट्याने पट्टीबाहेर जाऊन उभे राहिले आणि हसत म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदाच रेफरीचं म्हणणं पटलं!"